सोमवारचं गिऱ्हाईक

सोमवारी सलून बंद असतं,
म्हणून ती सोमवारी येते.
शटर अर्धं वर, आत एकच ट्यूब,
आणि ज्या खुर्चीत काल
नगरसेवकाच्या मेव्हण्याची दाढी झाली
तिच्यावर जुनी चादर घालून
खारीक बसते, आरशात बघत.

टिल्लू मॅडमचा पहिला फोन आला तेव्हा म्हटलं,
आमच्यात तीन पिढ्या माणसांचेच केस कापतात.
त्या म्हणाल्या, कुत्र्यांच्या पार्लरवाल्याने दोन हजार घेतले
आणि वर म्हणतो, तुमची कुत्री चावते.
मी म्हटलं, आणा.

आई रिट्रीव्हर, बाप पूडल.
समुद्रापार एक बाई होती म्हणे, डोळ्यांनी अधू,
तिला वाट दाखवायला कुत्रा हवा होता
आणि नवऱ्याला कुत्र्याच्या केसांनी शिंका.
मग कुणीतरी बसून स्थळ जुळवलं:
इकडची माया, तिकडचे न गळणारे केस.
मॅडम कौतुकाने सांगत होत्या.
मी कात्रीला तेल घालत होतो.
छत्तीस गुण जुळलेली किती लग्नं
याच खुर्चीत मोडताना ऐकलीयत मी.

ऋजुताला दमा, म्हणून ही जात शोधून आणली.
केस गळत नाहीत.
खरंय, गळत नाहीत.
पण जे गळत नाही ते जातं कुठे?
तिथंच राहतं, शेजारच्याला धरून.
भिजलं की घट्ट, वाळलं की आणखी घट्ट.
वरून हात फिरवा, रेशीम.
कातडीपाशी बोट घाला, बुरणूस.
मुळापासून विंचरा, मॅडम, रोज, वरवर नको,
असं मी दर वेळी सांगायचो
आणि त्या दर वेळी हो म्हणायच्या,
जसं लोक डॉक्टरला म्हणतात.

काखेत तळजाईची कुसळं.
कानात कालव्याचं पाणी,
कारण पाणी दिसलं की हिच्यातली आई धावते;
कान लोंबते, आतली ओल वाळत नाही,
शिळ्या ताकासारखा वास.
कापूस फिरवताना ही माझ्या मनगटावर हनुवटी टेकते.
बापाचं डोकं वेगळंच:
कंगव्याचा ड्रॉवर नाकानं उघडायला
हिला दोन सोमवार पुरले.
माझ्या पोऱ्याला वर्ष लागलं होतं.

या एप्रिलात तीन आठवडे ती आली नाही.
आली तेव्हा कंगवा बोटभरही जाईना.
ऋजुता दवाखान्यात होती, मॅडम म्हणाल्या,
दम्याला केसच लागतात असं नाही,
कोंडा पुरतो, लाळ पुरते.
मग बॅगेची चेन उघडत, लावत,
तुमच्या ओळखीत कुणी असेल का?
चांगल्या घरचं.

मी मशीन लावलं.
पाठीपासून सुरू केलं, हळू,
कातडी ताणून धरत, म्हाताऱ्याची धरतात तशी.
अख्खं घोंगडं एका तुकड्यात निघालं.
खाली एवढीशी निघाली,
गुलाबी, बरगड्या मोजता येतील अशी,
आरशात स्वतःला बघून भुंकली.

ऋजुता तेव्हाच शटरखालून वाकून आत आली,
तोंडाला मास्क, मुठीत पंप.
मॅडम ओरडल्या, लांब राहा!
ती ऐकेना. खुर्चीपाशी गुडघे टेकून
तिने खारकेच्या बरगड्यांना कान लावला,
डॉक्टर तिच्या पाठीला लावतात तसा,
आणि बराच वेळ ऐकत राहिली.
हिला घरघर नाहीये, म्हणाली.
मॅडम रस्त्याकडे बघत होत्या.
मी पैसे घेतले नाहीत, त्यांनीही आग्रह केला नाही,
हे पहिल्यांदाच.

चांगल्या घरचं कुणी मला आठवलं नाही.
खरं म्हणजे आठवायला मी बसलोच नाही.
ते घोंगडं अजून खुंटीवर आहे,
बायको विचारते, हे काय ठेवलंय?
पुढच्या सोमवारचं कुणी काही बोललेलं नाही.
चादर मात्र मी धुतलीय,
दोन पाण्यांतून,
आणि मागच्या बोळात वाळत घातलीय.